दिसायला तर ठणठणीत!

अपंगांच्या डब्यात हक्क नसताना चढून बसणारा धडधाकट माणूस चोर आहे, हे विधान पुष्कळांना कडक वाटेल. गर्दीच्या वेळी दोन पावले टेकण्यापुरती जागा घेतली तर त्यात चोरी कसली, असे ते विचारतील. त्यांच्याशी मी पुढे भांडणारच आहे. परंतु या लेखात मला याहूनही कडक असे दुसरे एक विधान करावयाचे आहे, आणि ते त्या चोराला पकडावयास निघालेल्या सज्जनांविरुद्ध आहे. "तुला काय झालंय? दिसायला तर ठणठणीत आहेस!" असे भर डब्यात एखाद्या आजारी जिवाला विचारून त्याला जागेवरून उठवणारा माणूसही चोरच होय. पहिला जागा चोरतो आणि दुसरा अब्रू. यांतल्या दुसऱ्याला आपण नीतिमान समजतो, म्हणून त्याची चोरी अधिक काळ चालते.

आमचे उमरोळी हे पालघर आणि बोईसर यांच्या मधले स्टेशन. 16 एप्रिल 2013 रोजी विरारची लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली आणि या पट्ट्यातल्या माणसाला मुंबई एकदम जवळ आल्यासारखी वाटली. ती जवळ आली हे खरे. पण विरारपासून पुढे मुंबईकडे जशा मिनिटामिनिटांच्या अंतराने गाड्या सुटतात, तशा आमच्याकडे सुटत नाहीत. एक गाडी चुकली तर पुष्कळदा तासभर ताटकळावे लागते. गाडी फलाटाला लागते ती निमिषभर. तेवढ्यात चढावयाचे, आणि चर्चगेटपर्यंत जावयाचे असेल तर अडीच-तीन तासांची निश्चिती करावयाची. या गाडीत संडासाची सोय नसते. पाण्याचा घोट घेताना शहाणा माणूस पुढच्या प्रवासाचा हिशोब करतो. निरोगी माणसाला हा प्रवास कष्टाचा आहे. शरीराने ज्याला दगा दिला त्याला तो कसा असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

अशा गाडीत चाकाच्या खुर्चीचे चित्र काढलेला एक लहानसा कप्पा असतो. त्यात अपंगांना बसता येते; कर्करोगाच्या रुग्णांना आणि गरोदर स्त्रियांनाही मुभा आहे. सबंध गाडीची लांबी पाहिली तर हा कप्पा म्हणजे पंगतीतले शेवटचे पान. पण तेवढे पानही आम्हांला सोडवत नाही. सकाळच्या गाडीला त्या कप्प्याच्या दारात पाहा. खांद्याला पिशवी अडकवलेले, दाढी घोटलेले, इस्त्रीचे कपडे घातलेले भरदार गृहस्थ दार अडवून उभे असतात. आत चार जण गुडघ्यांवर बॅग आडवी टाकून पत्ते पिसत असतात. कुबडी घेतलेला माणूस फलाटावरून वर पाहतो आणि दारातले गृहस्थ त्याला सांगतात, "आत जागा नाही!" अन्यायाला विनोदबुद्धी असते, ती अशी.

या मंडळींची बाजूही ऐकून घेऊ. ते म्हणतात, गाड्या कमी आहेत. खरे आहे. तारापूरच्या कारखान्यांनी आणि स्वस्त घरांच्या ओढीने इकडे वस्ती वाढली, त्या मानाने गाड्या वाढल्या नाहीत. ही तक्रार न्याय्य आहे, आणि तिच्यासाठी कोणी मोर्चा काढील तर मी त्यात चालेन. परंतु रेल्वेने तुमच्यावर केलेल्या अन्यायाची वसुली तुम्ही कोणाकडून करता? ज्याला धावता येत नाही, दांडीला लोंबकळता येत नाही, तुम्हांला ढकलून आत शिरता येत नाही, त्याच्याकडून. सावकाराने गाय नेली म्हणून शेजारणीची शेळी सोडून आणणाऱ्याला आपण गांजलेला शेतकरी म्हणत नाही.

दुसरा युक्तिवाद असा, की डबा रिकामाच जात असतो, मग बसले तर काय बिघडले? देवळाच्या पायरीवरचा उतरंडा रिकामा दिसला म्हणून त्यावर कोणी दुकान मांडीत नाही. राखीव जागा रिकामी असणे हेच तिचे काम आहे. केळव्याला किंवा सफाळ्याला चढणाऱ्या पांगळ्या माणसाला ती रिकामी सापडावी, एवढ्यासाठीच ती राखलेली असते. 1989च्या रेल्वे कायद्याच्या 155व्या कलमात हक्क नसताना राखीव जागेत बसणाऱ्याला बाहेर काढण्याची आणि दंड करण्याची तरतूद आहे. कायदा आहे, कलम आहे, दंड आहे. नाही ती रोजची नजर आणि रोजची लाज.

आता त्या दुसऱ्या चोराकडे वळू.

घुसखोरी इतकी माजल्यावर डब्यात स्वयंभू पहारेकरी निर्माण होतात, हे स्वाभाविक आहे. पण हा पहारेकरी कोणाला हटकतो, ते नीट पाहावे. पत्ते पिसणाऱ्या चौघांना तो हटकीत नाही. ते चौघे आहेत, आणि त्यांना आवाज आहे. दारातल्या भरदार गृहस्थांना तो हटकीत नाही. त्यांचा दंड त्याने पाहिलेला असतो. तो हटकतो कोपऱ्यात अंग चोरून बसलेल्या एकट्या पोरीला, पाड्यावरून आलेल्या तरुणाला, जिचे पोट अजून दिसू लागलेले नाही अशा गरोदर बाईला. त्याचा न्याय नेमका तेथे जागा होतो, जेथे उलट उत्तर येण्याची भीती नसते. म्हाताऱ्याला कोणी विचारीत नाही, कारण पांढरे केस हे सर्वांना वाचता येणारे प्रमाणपत्र आहे. तारुण्य हाच तेथे गुन्ह्याचा पुरावा ठरतो.

ती पोर कोण असू शकेल? आमच्या डहाणू-पालघरच्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार आढळतो. शिकागोच्या डॉक्टर हेरिक यांनी 1910 साली त्याचे पहिले वर्णन छापले. भारतात तो 1952 साली निलगिरीच्या डोंगरांतील आदिवासींमध्ये आढळून आला. आणि 1 जुलै 2023 रोजी त्याच्या निर्मूलनासाठी देशव्यापी मोहीम सुरू झाली. आईबाप दोघांकडून दोष आला म्हणजे मुलाला हा आजार होतो. रक्तातल्या गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकून बसतात आणि हाडे फुटावीत अशी कळ उठते. श्रम, थंडी, अंगातले पाणी कमी होणे, यांपैकी एखादे निमित्त पुरते. खुब्याचा सांधा झिजून विशीतच चालणे अवघड होते. आणि कळ नसेल त्या दिवशी ती पोर तुमच्या-आमच्या पोरीसारखीच दिसते! शाळेच्या कवायतीत अशी मुले मागे राहिली म्हणजे "सोंगाडी" हा किताब त्यांना मिळतो, हे मास्तरकी करणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. तोच किताब पुढे गाडीत त्यांच्या मागे येतो.

त्या तरुणाला हिमोफिलिया असेल. त्याच्या रक्ताला गोठण्याचे बळ नसते. दारातल्या धक्काबुक्कीत गुडघा आपटला तर आतल्या आत रक्त साठून सांधा कायमचा निकामी होतो. ज्याला आपण "जरासा धक्का" म्हणतो, तो त्याला महिनाभर अंथरुणावर टाकतो. शेजारचा प्रौढ गृहस्थ परळच्या टाटा रुग्णालयातून परत येत असेल. आतड्याचा काही भाग काढून डॉक्टरांनी त्याच्या पोटाला पिशवी जोडली असेल, आणि वर सदरा घातल्यावर तो तुमच्याइतकाच सुदृढ दिसत असेल. त्याने सर्वांसमोर काय दाखवावे अशी तुमची इच्छा आहे? सदरा वर करावा?

डब्यावरच्या त्या चित्राचाही या गैरसमजात वाटा आहे. चाकाच्या खुर्चीची ही खूण 1968 साली सुसान कोफोड नावाच्या डॅनिश विद्यार्थिनीने रेखाटली; तिच्या चित्रात माणसाला डोके नव्हते, ते मागाहून जोडले गेले. खूण जगभर गेली, तिने मोठे काम केले. पण पाहणाऱ्यांनी तिचा अर्थ असा लावला, की खुर्ची नाही तर अपंगत्व नाही. आपल्या कायद्याने हा समज केव्हाच सोडला आहे. 1995च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते. 2016च्या कायद्याने ते 21 केले. त्यांत सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे, कंपवात आहे, स्वमग्नता आहे, मानसिक आजार आहे. यांतले बरेचसे असे, की शेजारी बसणाऱ्याला तास न् तास पत्ता लागू नये. कायद्याला जे दिसले ते आमच्या डोळ्यांना दिसत नाही.

शब्द बदलण्यात मात्र आम्ही तत्पर आहो. पंतप्रधानांनी 2015च्या डिसेंबरात 'दिव्यांग' हा शब्द सुचवला आणि पाट्या बदलल्या. 2022च्या डिसेंबरात महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभागही उभा केला. या गोष्टींचे मोल मी कमी करीत नाही. पण ज्याच्या अंगाला दिव्य म्हणावयाचे त्यालाच दारातून मागे लोटावयाचे, ही पूजा देवापेक्षा पुजाऱ्याच्या सोयीची आहे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. न दिसणाऱ्या आजारांवर विश्वास ठेवावयाचा तर ढोंग्यांचे फावणार नाही काय? 2024 साली सनदी सेवेतील एका उमेदवाराच्या अपंगत्वाच्या दाखल्यांवरून महाराष्ट्रात केवढे वादळ उठले, ते सर्वांना आठवत असेल. ढोंगी आहेत, आणि असणारच. म्हणूनच तपासणी हवी. पण ती ज्याचे काम आहे त्याने करावी. तिकीट तपासनीस आहे, रेल्वे सुरक्षा दलाचा जवान आहे. त्यांनी रोज यावे, सर्वांचे ओळखपत्र पाहावे, पत्त्यांच्या चौकडीपासून आरंभ करावा. सर्वांना विचारलेला प्रश्न हा नियम असतो. एकट्या पोरीला विचारलेला तोच प्रश्न अपमान असतो. कागद मागण्याचा अधिकार गणवेषाला आहे, शेजाऱ्याच्या भुवईला नाही. एखादा ढोंगी तुमच्या नजरेतून सुटला तर एक बाक वाया जाईल. एखादा खरा आजारी तुमच्या जिभेने उठवला गेला, तर तो पुन्हा त्या डब्यात पाऊल टाकणार नाही. या दोन तोट्यांची बरोबरी होऊ शकत नाही.

जगात यावर काही तोडगे निघाले आहेत. टोकियोत 2012पासून अशा माणसांना लाल रंगाची एक खूण मिळते. ती पिशवीला अडकवली की बाकीचे न विचारता जागा देतात. लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर 2016 साली सूर्यफुलांच्या चित्राचा गळपट्टा सुरू झाला. असे काही आपल्याकडे व्हावे, जरूर व्हावे. पण खूण पाहून मान देणारी नजर कारखान्यात तयार होत नाही, ती घरात तयार होते.

आणि गाडीवाल्यांनीही हा लेख फक्त लोकलच्या प्रवाशांचा आहे असे समजू नये. मोठ्या दुकानांच्या तळघरात चाकाच्या खुर्चीची खूण रंगवलेली जागा असते, "पाचच मिनिटे" म्हणून तेथे मोटार लावणारा आणि आपली खूणचिठ्ठी लावून उतरणाऱ्या तरुणाला "चालतोस तर चांगला!" म्हणून दटावणारा, ही जोडी तेथेही आहे.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा फराळाच्या डब्यांसह गाड्या भरभरून धावत असतील. मुलांना घेऊन तुम्ही आजोळी निघाला असाल. गर्दी दिसताच पाय त्या लहान कप्प्याकडे वळतील. त्या वेळी शंका घ्यावयाचीच तर ती स्वतःविषयी घ्यावी: मला येथे चढण्याचा हक्क आहे काय? नसेल तर पुढच्या डब्याकडे चालू लागावे. आणि हक्काने आत बसलेल्यांनी समोरच्या तरण्या पोरीला तिचे दुखणे विचारू नये. तिला सरकून जागा द्यावी. हे सारे आपली मुले पाहत असतात.