दगडाची अर्धीच साक्ष

मे महिन्यात वाशिंदला स्टेशनवर उभं राहवत नाही इतकं ऊन झालं, की नातेवाइकांच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड हमखास येतो. ‘पृथ्वी नेहमीच तापत आणि गोठत आली आहे. हिमयुगं आली आणि गेली. तेव्हा कुठे होत्या गाड्या आणि कारखाने?’ खाली आठ-दहा अंगठे. मला दगडांचं वेड आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे शेवटी मलाच विचारतात, “काय रे, बरोबर आहे ना?”

बरोबर आहे. म्हणूनच जास्त राग येतो. धडधडीत खोटं खोडता येतं. इथे दगडाची अर्धी साक्ष काढून घेतली आहे आणि उरलेली अर्धी दडवली आहे.

हिमयुगाचा पुरावा बघायला हिमालयात जायची गरज नाही. तो आपल्याच राज्यात आहे. चंद्रपूरच्या पश्चिमेला, पैनगंगेच्या काठी इरई गावाजवळ चुनखडकावर समांतर ओरखडे आहेत. सरकत्या हिमनदीच्या तळाशी अडकलेल्या दगडांनी ते ओढले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांनी १८७५ साली त्यांच्याबद्दल लिहिलं. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी हा भूभाग गोंडवन महाखंडाचा भाग होता, दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ. आज तेच चंद्रपूर देशातल्या सगळ्यात तापणाऱ्या शहरांत गणलं जातं.

मग फॉरवर्डवाले जिंकले? थोडं थांबा. त्या भागात हिमनदीच्या थरांच्या वर काय आहे? कोळसा. बर्फ ओसरला, जंगलं वाढली, गाडली गेली, त्यांचा कोळसा झाला. हे व्हायला लाखो-कोटी वर्षं लागली. तो कोळसा आपण काही पिढ्यांत जाळत आहोत. दडवलेली साक्ष हीच. प्रश्न ‘बदल होतो का’ हा नाहीच. प्रश्न वेगाचा आहे.

अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे गेल्या आठ लाख वर्षांचा हिशेब देतात. या सगळ्या काळात हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड ३०० भागांच्या वर गेला नाही. शेवटचं हिमयुग संपताना तो साधारण ८० भागांनी वाढला, त्याला सुमारे ७ हजार वर्षं लागली. १९६५ मध्ये तो ३२० होता. आज ४२० च्या वर आहे. म्हणजे शंभर भाग, तेही एका माणसाच्या हयातीत.

यावर कोणीतरी माहुलीकडे बोट दाखवतो. “तो अख्खा डोंगर लाव्हाचा. ज्वालामुखींनी नाही का धूर सोडला?” सोडला की. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या त्या उद्रेकांचे थर एकावर एक साचायला लाखो वर्षं लागली. आणि आजचे जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो माणूस सोडतो त्याच्या एक टक्काही भरत नाही. माणसं म्हातारपणानेही मरतात, म्हणून खून होतच नाहीत असं कोणी म्हणतं का?

शेवटचा हुकमी एक्का म्हणजे ‘पृथ्वीला काही होणार नाही’. अगदी मान्य. पृथ्वी लाव्हातूनही उरली, बर्फातूनही. पण लाव्हाला शेती करायची नव्हती. आमच्याकडे राब भाजून भात पेरायचा, तर पाऊस वेळेवर यावा लागतो. मधेच पंधरा दिवस दडी मारली, तर रोपं पिवळी पडतात. भातसा आणि तानसा आमच्या शहापूर तालुक्यात, त्यांचं पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात आमच्याच पाड्यांवर बायका टँकरची वाट बघतात. त्यांना ३० कोटी वर्षांचा दिलासा कसा द्यायचा? त्यांच्याकडे पुढचा आठवडाच असतो.

मोठ्या काळाकडे बघून माणसाने नम्र व्हावं म्हणून मी दगड वाचायला लागलो. त्याच काळाचा उपयोग हात झटकायला होताना बघवत नाही. तेव्हा पुढच्या मे महिन्यात तो फॉरवर्ड आलाच, तर अंगठा द्यायच्या आधी एकच प्रश्न विचारा: “किती वर्षांत?”

दगडाला साक्षीला बोलावलंच आहे, तर त्याला शेवटपर्यंत बोलू द्या.