आवृत्ती दुसरी

मी कॉन्व्हेंटमधली. त्यामुळे लहानपणी माझ्या वाट्याला चिऊ-काऊ कमी आणि सिंड्रेला, स्नो व्हाइट, हॅन्सेल-ग्रेटेल जास्त आले. या सगळ्या गोष्टींत एक बाई कॉमन असते. सावत्र आई! ती दुष्टच असते. का, ते कुणी विचारत नाही.

पण मित्रांनो, यातल्या दोघी मुळात सावत्र नव्हत्याच, हे किती जणांना माहीत आहे? जर्मनीच्या ग्रिम बंधूंनी १८१२ साली लोककथांचा पहिला खंड छापला. त्यात स्नो व्हाइटच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई होती! हॅन्सेल-ग्रेटेलला जंगलात सोडून या, असं नवऱ्याला सांगणारीसुद्धा सख्खीच. १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत स्नो व्हाइटची आई बाळंतपणातच गेली आणि राजाने दुसरं लग्न केलं. हॅन्सेल-ग्रेटेलची आई १८४० च्या आवृत्तीत सावत्र झाली. पुस्तक लहान मुलांच्या हातात जाऊ लागलं होतं. आईची पवित्र प्रतिमा जपायची म्हणून सगळा दुष्टपणा दुसरीच्या गळ्यात मारला, असं अभ्यासक मानतात.

आता कुणी म्हणेल, त्या काळी बाळंतपणात बायका खरंच मरायच्या, घरात दुसरी यायची, खाणारी तोंडं जास्त आणि भाकरी कमी. भांडणं होणारच. मान्य! पण मग बाप कुठे असतो? हॅन्सेल-ग्रेटेलला जंगलात नेताना तो सोबत असतो. शेवटी मुलं हिरे-मोती घेऊन परत येतात आणि त्याच्याच गळ्यात पडतात. बायको तोपर्यंत मेलेली असते. ग्रिमच्या सिंड्रेलाचा बाप तर गोष्टभर जिवंत आहे, त्याच घरात आहे. पोरगी राखेत झोपते, ते त्याला दिसत नाही? तरी 'दुष्ट बाप' हा शब्द कुणाच्या तोंडात बसलेला नाही. स्नो व्हाइटच्या राणीला मात्र तापलेले लोखंडी बूट घालून मरेपर्यंत नाचवतात.

गोष्टी जुन्या झाल्या, सोडून द्या, असं म्हणता आलं असतं. पण शब्द कुठे जुना होतो? निधी मिळाला नाही की पेपरात 'सापत्न वागणूक'. आमच्या विंगला पाणी आलं नाही की, "आम्ही काय सावत्र आहोत का?"

आमच्या मजल्यावर एक मुलगी आहे. तिची आई दर महिन्याला डबा पाठवते. चकल्या पूर्ण मजल्याला पुरतात. रात्री तिचा फोन आल्याशिवाय ही झोपत नाही. ती आई दुसरी आहे, हे तिने आम्हाला तब्बल वर्षाने सांगितलं. वर म्हणाली, "कुणाला बोलू नका हं. उगाच बिचारी बिचारी करतात." नाव सांगत नाही, म्हणून लिहिते आहे. जिने हिला वाढवलं, तिची ओळख लपवावी लागते. का? तर तिच्यासाठी आपल्याकडे जो शब्द आहे, तो शिवीसारखा वापरला जातो.

माझं म्हणणं एवढंच आहे. अन्याय झाला तर सरळ अन्याय म्हणा. आणि घरच्या चिल्ल्यापिल्ल्यांना स्नो व्हाइट जरूर सांगा, पण एक प्रश्न विचारायला शिकवा : "हे सगळं चाललं होतं, तेव्हा राजा काय करत होता?" ग्रिमने गोष्ट बदलली, तर आपण का बदलू नये?