छायाचित्रात न दिसणारे कपाट

दसरा-दिवाळीचे दिवस जवळ आले की मध्यमवर्गीय घरांतून एक चर्चा हटकून सुरू होते : यंदा स्वयंपाकघराचे काम काढायचे काय? भिंतीतले फडताळ, खिळ्यांवर टांगलेली स्टीलची मांडणी आणि दूधदुभत्यासाठी जाळीचे कपाट एवढ्या सामग्रीवर आपल्याकडील दोन पिढ्यांचे संसार सुखाने पार पडले. पुढे ओट्याखाली ट्रॉल्या आल्या. आणि आता ओट्याच्या खाली-वर भिंतभर कपाटे बसविण्याची रीत रूढ झाली आहे. कोणाला यात चंगळवाद दिसतो, पण ती टीका रास्त नव्हे. सलग कपाटांच्या स्वयंपाकघराची कल्पना श्रीमंतांच्या वाड्यात जन्मली नाही. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुशिल्पी बाईंनी १९२६ साली फ्रँकफर्ट शहरातील सार्वजनिक घरबांधणीसाठी, म्हणजे बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी, ती आखली होती. थोड्या जागेत, थोड्या पावलांत गृहिणीचे काम उरकावे, हा तिचा हेतू होता. दोन खोल्यांच्या सदनिकेत राहणाऱ्या आपल्याकडील शिक्षकाला वा कारकुनाला तो हेतू परका वाटण्याचे कारण नाही.

तेव्हा प्रश्न चैनीचा नाही. तो खरेदीच्या नव्या रीतीचा आहे. साडी अथवा पुस्तक घरबसल्या मागविणे निराळे आणि भविष्यनिर्वाह निधीतून काढलेल्या रकमेचे कपाट फोनच्या पडद्यावर पाहून मागविणे निराळे. पुस्तक उघडताच त्याचे गुणदोष कळतात. कपाटाचे गुणदोष कळण्यास निदान एक पावसाळा जावा लागतो, आणि तोवर पैसे देऊन वर्ष उलटलेले असते.

आमच्या परिचयाच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकेची हकिगत या दृष्टीने बोलकी आहे. त्यांनी ऑनलाइन मागविलेली कपाटे वेळेवर आली, कारागिरांनी एका दिवसात बसवूनही दिली. शटरांचा रंग छायाचित्राबरहुकूम होता. दुसऱ्या पावसाळ्यात सिंकखालच्या कपाटाचा तळ भिजवलेल्या पावासारखा फुगला आणि बिजागरीचे स्क्रू हाताने ओढताच भुश्शासकट बाहेर आले. विक्रेत्याचे उत्तर थोडक्यात असे होते : आम्ही ‘इंजिनिअर्ड वूड’ म्हटले होते आणि तेच दिले, दहा वर्षांच्या हमीतून पाण्याने होणारे नुकसान वगळलेले आहे. स्वयंपाकघराच्या कपाटाची हमी पाणी वगळून देणे म्हणजे छत्रीची हमी पाऊस वगळून देण्यासारखे आहे. पण बाईंनी ती अट मान्य केली होती, कारण ती वाचल्यावाचून पुढचे बटण दाबता येत होते.

सारी मेख ‘इंजिनिअर्ड वूड’ या शब्दात आहे. हा शब्द खोटा नाही, हीच अडचण आहे. लाकडाचे पातळ पापुद्रे आडवे-उभे चिकटवून केलेला प्लाय, लाकडाचा लगदा दाबून केलेला एमडीएफ आणि भुसा व छिलके चिकटवून केलेला पार्टिकल बोर्ड या तिन्हींना तो लागू पडतो. या तिघांच्या किमतीत, आयुष्यात आणि स्क्रू धरून ठेवण्याच्या ताकदीत मोठे अंतर आहे. भुश्शाचा बोर्ड टाकाऊ असतो असे नव्हे. बैठकीच्या खोलीतील पुस्तकांच्या कपाटाला तो चालतो. पण त्याच्या कडेतून एकदा पाणी शिरले की तो फुगतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. कोकणपट्टीच्या दमट हवेत ते पाणी शिरणे अटळ समजावे.

प्लाय म्हटल्यानेही काम भागत नाही. भारतीय मानक ब्युरोने सामान्य वापराच्या प्लायसाठी आयएस ३०३ आणि मरीन प्लायसाठी आयएस ७१० अशी स्वतंत्र मानके ठरविली आहेत. पहिल्यातील ‘एमआर’ ही प्रत ओलावा सोसणारी आहे, पाणी सोसणारी नव्हे. मरीन प्लायचा नमुना मात्र ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून त्याचा चिकटा टिकतो की नाही हे पाहिले जाते. सिंकखाली दुसरा हवा, वरच्या कपाटांना पहिल्यातील चांगली प्रत पुरते. जाहिरातीत मात्र दोहोंना सरसकट ‘वॉटरप्रूफ’ म्हटलेले आढळते. ‘एचडीएचएमआर’ हे अलीकडे फार ऐकू येणारे अक्षरसमूहही व्यापारी नाव आहे. ती मानकातील प्रत नव्हे.

छायाचित्रात दिसते ते शटर. पैसा मुरतो तो सांगाड्यात, आणि सांगाडा कधीच दिसत नाही. म्हणून विचारायचे ते सांगाड्याविषयी : कोणता बोर्ड, कोणत्या मानकाचा, किती मिलिमीटर जाडीचा. अठरा मिलिमीटर ही भरवशाची जाडी. पाठीमागचा पत्रा तीन मिलिमीटरचा असेल तर कपाट भिंतीशी सरळ उभे राहणार नाही. बोर्डाची प्रत्येक कड, दिसणारी आणि न दिसणारी, पट्टीने बंद केलेली आहे काय, हेही विचारावे; कारखानदार काटकसर करतो ती नेमकी मागच्या आणि खालच्या कडेला, आणि पाणी शिरते तेही तिथूनच.

ट्रॉल्यांच्या पोलादाचीही अशीच गोष्ट. लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे पोलाद उत्तम, ही समजूत दुकानदारांनी आपल्या डोक्यात घट्ट बसविली आहे. वस्तुतः ३०४ आणि २०२ या दोन्ही जातींना चुंबक सहसा चिकटत नाही. पहिल्यात निकेल आठ टक्क्यांच्या घरात असते. दुसऱ्यात ते कमी करून त्याची जागा मँगनीजने भरलेली असते, आणि मिठाच्या बरणीखाली गंज धरतो तो ह्या दुसऱ्यावर. तेव्हा जातीचा आकडा बिलावर लिहून घेण्यावाचून गत्यंतर नाही.

आरोग्याचा मुद्दा याहून गंभीर आहे. स्वस्त बोर्डांतील चिकटा बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा असतो आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड वायू दीर्घकाळ झिरपत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली या वायूची गणना मानवात कर्करोग घडविणाऱ्या द्रव्यांत केली. कमी उत्सर्जनाचा बोर्ड ‘ई१’ या नावाने मिळतो. तो मागावा लागतो, आपणहून कोणी सांगत नाही.

आणखी एक अडचण खास आपल्या घरांची आहे. पाश्चात्त्य रीतीत आधी कपाटे उभी राहतात आणि त्यांच्यावर ओटा ठेवला जातो. आपल्याकडे ओटा आधी, कडाप्प्याच्या उभ्या फाळक्यांवर. कपाटे मागाहून त्या फाळक्यांच्या मधल्या पोकळीत बसवायची. प्रत्येक इमारतीत, किंबहुना प्रत्येक घरात, ही पोकळी वेगळी भरते. ठरावीक मापाचे तयार कपाट तीत एकतर शिरत नाही किंवा दोन बोटे फट ठेवून बसते, आणि ती फट झुरळांना आंदण जाते. माप घेण्यास माणूस घरी येणार नसेल तर तो सौदा पुढे न नेलेलाच बरा.

हे सारे ग्राहकाने ओळखावे, अशी अपेक्षा करणे सोपे आहे. पण कायदा काय करतो? कायदा अगदीच लुळा नाही. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात दाद मागण्याची मुभा दिली. परगावच्या विक्रेत्यामागे धावण्याचे त्यामुळे टळले. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हावयास हवे. जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे माल नसेल तर तो परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. आणि विक्रेत्याने ग्राहकाचे सोंग घेऊन स्वतःच्या मालाची तारीफ लिहिणे निषिद्ध आहे. ‘फक्त दोन शिल्लक’ अशी खोटी निकड निर्माण करण्यासारख्या तेरा क्लृप्त्यांना २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी बंदी घातली.

तथापि या सगळ्या तरतुदी खोट्या विधानाविरुद्ध आहेत. मोघम विधानाविरुद्ध त्यांचा उपयोग नाही. ज्याने ‘मरीन प्लाय’ लिहून भुसा पाठविला तो सापडेल. ज्याने ‘इंजिनिअर्ड वूड’ लिहून भुसा पाठविला तो निर्दोष सुटेल. म्हणजे जो जितके कमी सांगेल तितका तो सुरक्षित, अशी ही व्यवस्था आहे. प्लाय आणि लाकडी बोर्डांवर मानकचिन्हाची सक्ती करणारे आदेश केंद्र सरकारने २०२३ साली काढले आणि मुदतवाढीनंतर ते २०२५ मध्ये अमलात आले, ही समाधानाची गोष्ट. परंतु ते चिन्ह बोर्डाच्या अखंड तक्त्यावर असते. तक्ता कापला, त्यावर सनमायका चढला की चिन्ह नाहीसे होते. कपाट विकत घेणाऱ्याच्या दृष्टीस ते कधी पडतच नाही.

बिस्किटाच्या पुड्यावर घटकद्रव्ये छापणे सक्तीचे आहे. दीड-दोन लाखांच्या कपाटांसोबत सांगाड्याचा बोर्ड, त्याचे मानक, जाडी, चिकट्याची उत्सर्जनप्रत आणि पोलादाची जात एवढ्या पाच गोष्टी लिहिण्याची सक्ती करणे ग्राहक व्यवहार मंत्रालयाला अवघड का वाटावे? त्यासाठी नवा कायदा लागणार नाही, असलेल्या नियमांत एका कलमाची भर पुरेल. १९७४-७५ च्या सुमारास पुण्या-मुंबईत ग्राहक पंचायतींनी महिन्याच्या किराण्यापासून चळवळ उभी केली ती वजन, भाव आणि भेसळ या प्रश्नांवर. मोघम नावाने विकला जाणारा भुसा हीसुद्धा भेसळच आहे, फक्त ती पोटात जात नाही. या संघटनांनी हा विषय हाती घ्यावयास हवा.

नियम होईपर्यंत वाट पाहणे ज्यांना शक्य नाही त्यांनी पैसे भरण्यापूर्वी वरील पाच गोष्टी विक्रेत्याकडून लेखी मागवाव्यात. तोंडी आश्वासन आणि फोनवरचे बोलणे आयोगापुढे टिकत नाही; लेखी उत्तर टिकते, आणि उत्तर न देणे हेही एक उत्तर असते. मानकचिन्हासोबत परवान्याचा क्रमांक असतो; तो मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या फोनवरील ॲपमध्ये घालून खरा-खोटा पाहता येतो. क्रमांकावाचून नुसते ‘७१० ग्रेड’ लिहिलेले असेल तर ते जमेस धरू नये. आणि मालाबरोबर आलेला बिनसनमायक्याचा एखादा तुकडा असल्यास तो रात्रभर बादलीत बुडवून ठेवावा.

मुख्याध्यापिकाबाईंनी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदविली. तिचा निकाल अद्याप लागलेला नाही. सिंकखालचे कपाट त्यांनी दरम्यान गल्लीतल्या सुताराकडून करून घेतले. सुतारही काही धुतल्या तांदळासारखे असतात असे नव्हे. म्हणून बाई स्वतः वखारीत गेल्या, तक्त्यावरचा क्रमांक चष्मा लावून वाचला आणि कापणी होईपर्यंत तेथेच स्टुलावर बसून राहिल्या.