दाबणारा कोण?


इंग्रज सरकारच्या कागदात आपण 'डिप्रेस्ड क्लासेस' होतो. म्हणजे दाबलेले. आज मेडिकल कॉलेजातल्या आपल्या पोराच्या कागदावर डॉक्टर 'डिप्रेशन' लिहितो. दाबणारा कोण, ते कोणच लिहीत नाही.

कॉलेजवाले म्हणतात, पोर मनानं कच्चं. मी मुरबाडकडं भातगिरणीत राबतो. कोंड्यानं खोकला लागला की मालकही असंच म्हणतो, तुझी छातीच कमजोर. हवेतल्या कोंड्याबद्दल चकार शब्द नाही.

२०२४ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलानं अहवाल दिला. पाहणीत उत्तरं देणाऱ्या एमबीबीएसच्या पोरांपैकी २७.८ टक्के पोरांनी मानसिक आजार असल्याचं सांगितलं. शंभरात अठ्ठावीस! एवढी सगळी कच्ची? नाही. कोंडा हवेतच हाय.

अभ्यासाचा ढीग, जागरण, फी, रॅगिंग, हे सगळ्यांनाच. आपल्या पोराला वरून जात. शहापूरच्या आश्रमशाळेतलं पोर नीट मराठीत देईल, पुढं साडेचार वर्षं सगळं इंग्रजीत. शिष्यवृत्ती रखडते, मेसचं बिल रखडत नाही. आणि सीनियर विचारतो, रँक किती? तो रँक विचारत नाही, जात विचारतो. भातसा-तानसाचं पाणी शहापुरातून मुंबईला जातं, इथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर. मुंबईला आमचं पाणी चालतं, पोर चालत नाही.

हे मनाचे खेळ नव्हेत. दिल्लीच्या एम्सबद्दल थोरात समितीनं २००७ सालीच लिहून ठेवलं, की दलित-आदिवासी पोरांना होस्टेलात छळून ठरावीक मजल्यांवर ढकललं गेलं. मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर हॉस्पिटलातली डॉ. पायल तडवी गेली. आदिवासी पोरगी, एमबीबीएस होऊन पुढचं शिकत होती. तीन सीनियर डॉक्टरणींवर जातीवरून छळल्याचा आरोप झाला, खटला झाला. त्याच साली तिची आई आबेदा आणि रोहित वेमुलाची आई राधिका सुप्रीम कोर्टात गेल्या. त्यांनी पोरांच्या मनावर नाही, कॉलेजांवर बोट ठेवलं.

आपलं पोर खचलं तर लाजू नका. 'ठाण्याला न्या' म्हणून कोण हसलं, तर हसू दे. पोराला डॉक्टरकडं न्या, औषध द्या, एकटं सोडू नका. आणि त्याच आठवड्यात दहाजण डीनच्या दारात उभे रहा. विचारा: जातीच्या छळाची तक्रार घेतो कोण? आजवर किती घेतल्या? शिष्यवृत्ती कुठं अडली?

उत्तर लेखी घ्या. जय भीम.