"मोटर जळली" म्हणे! दीडशे रुपयांचा कपॅसिटर होता

पोस्ट मोठी आहे, पण घरात वॉशिंग मशीन असेल तर शेवटपर्यंत वाचा.

गेल्या आठवड्यात आईचं सेमी-ऑटोमॅटिक मशीन बसलं. नऊ वर्षं जुनं. टायमर फिरवला की नुसतं 'हूंऽऽ', आतली चकती जागची हलेना. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा मुलगा आला. मागचं झाकणही न उघडता निकाल दिला, "काकू, मोटर जळली. साडेचार हजार लागतील. त्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या." व्हिजिटचे चारशे घेऊन गेला.

मला शंका आली, कारण घरचा पंखाही असाच वागतो. गुणगुणतो, पण ढकलल्याशिवाय फिरत नाही. तेव्हा आपण कपॅसिटर बदलतो, पंखा भंगारात घालत नाही.

पिन काढली, झाकण उघडलं. पट्टा शाबूत. पुली हाताने मोकळी फिरत होती, म्हणजे काही जाम नव्हतं. कपॅसिटर मात्र टम्म फुगलेला. त्यावर लिहिलेल्या मायक्रोफॅरड आणि व्होल्टचाच नवा तपकीर गल्लीतून आणला. दीडशे रुपये. मशीन धडधडत सुरू!

बाकीचे नेहमीचे आजारही असेच साधे असतात. चकती सुस्त फिरते? पट्टा ढिला झालाय का पाहा. स्पिन होत नाही? आधी झाकणाचा स्विच आणि ब्रेकची वायर. पाणी जात नाही? ड्रेनमध्ये नाणं नाहीतर मोजा अडकलेला असतो.

एक इशारा. पिन काढल्यावरही कपॅसिटरमध्ये करंट साठलेला असू शकतो. त्याच्या टोकांना हात लावू नका. सवय नसेल तर गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनला बोलवा. पण बिघाड काय असू शकतो, हे स्वतःला माहीत असू द्या. नाहीतर साडेचार हजारांचा आकडा ऐकून आपण मुकाट मान डोलावतो.

माझा राग त्या पोरावर नाही. राग आहे तो वस्तू दुरुस्त होऊच नये अशी बनवणाऱ्यांवर. जुन्या मशीनच्या पाठीवर वायरिंगचा नकाशा चिकटवलेला असायचा. आज अनेक फ्रंट लोड मशीनचा टब कायमचा सीलबंद येतो. शे-दोनशेचं बेअरिंग गेलं की अख्खा टब बदला! याला प्रगती म्हणायचं?

युरोपात २०२१ पासून नियम आहे. मॉडेलची विक्री थांबल्यावरही वॉशिंग मशीनचे महत्त्वाचे पार्ट किमान १० वर्षं मिळालेच पाहिजेत. आपल्याकडे केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, डिसेंबरमध्ये पोर्टल काढलं. पण पोर्टलने पार्ट मिळत नाहीत, साहेब. कायदा हवा. पार्टची किंमत जाहीर हवी, नकाशा ग्राहकाला मिळायला हवा, सुटे भाग १० वर्षं मिळायला हवेत. आपल्या खासदारांना हे कधी विचारलंय का आपण?

तोपर्यंत एवढं करा. झाकण उघडून बिघाड दाखवायला सांगा. कोणता पार्ट, किती रुपये, हे लेखी घ्या. काढलेला जुना पार्ट परत मागा, तो तुमचाच आहे. फसवणूक वाटली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

तुम्हालाही कुणी असं "मोटर गेली" सांगितलंय? कमेंटमध्ये लिहा. आणि हो, आईचं मशीन आत्ताही चालू आहे, बाल्कनीत चादरी वाळतायत.