धोक्याचे झाड आणि लाकडाची मजुरी

9 एप्रिल 2023 च्या रात्री अकोला जिल्ह्यातील पारस येथे वादळी पावसात एक जुना कडुलिंब देवस्थानाच्या पत्र्याच्या शेडवर कोसळला आणि आत आसऱ्याला आलेली 7 माणसे प्राणास मुकली. अशा आपत्तीत मृतांच्या वारसांना 4 लाख रुपयांचे साहाय्य देण्याचा शासकीय निकष आहे आणि त्याविषयी कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. तथापि अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला एक साधा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. झाड पडल्यानंतर ज्या तिजोरीतून लाखो रुपये निघू शकतात, त्या तिजोरीत ते पडण्यापूर्वी सुरक्षितपणे उतरवून घेण्यासाठी काही हजार रुपयांची सोय का नसावी?

सातपुड्यातील मोलगीच्या परिसरात हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. अक्कलकुवा तालुक्यातील हे गाव म्हणजे भोवतालच्या पाड्यांची बाजारपेठ. या पाड्यांवर घराशेजारचा आंबा केवळ सावलीसाठी नसतो. त्याच्या कैऱ्यांच्या फोडी वाळवून केलेला आमचूर मोलगीच्या बाजारात विकला जातो. मोहाची फुले ऐन टंचाईच्या दिवसांत घरात चार पैसे आणतात. झाड हे येथे भांडवल आहे, आणि भांडवलावर कुऱ्हाड घालण्याची हौस कोणाला नसते. परंतु तेच झाड वयोमानाने पोखरले, त्याच्या फांद्या कौलांवर रेलल्या, की भांडवलाचे रूपांतर धोक्यात होते. अशा वेळी करायचे काय?

खेड्यापाड्यांतून रूढ असलेला व्यवहार सर्वांच्या परिचयाचा आहे. तोडणारा झाड तोडून देतो आणि मजुरीऐवजी लाकूड घेऊन जातो. मालकाला खिशात हात घालावा लागत नाही, म्हणून काम फुकट झाले असे त्याला वाटते. वस्तुतः ते फुकट होत नाही. मजुरी लाकडात मिळणार असली, की तोडणाऱ्याची नजर घराच्या छपरावर न राहता खोडाच्या घेरावर राहते. घराला धोका नसलेल्या निकोप सागाला गिऱ्हाईक तात्काळ मिळते. घरावर झुकलेल्या पोकळ आंब्याकडे कोणी फिरकत नाही, कारण त्यात लाकूडच नसते. याहूनही घातक गोष्ट पुढे आहे. झाड बुंध्यापासून अखंड पाडले तर लांब ओंडका मिळतो व त्याला भाव येतो. शेंड्याकडून तुकड्यातुकड्यांनी उतरवले तर घर वाचते, पण लाकडाचे सरपण होते. म्हणजे लाकडाची किंमत आणि घराची सुरक्षितता यांचे हितसंबंध परस्परविरोधी ठरतात. ज्याची मजुरी लाकडात आहे, त्याच्याकडून सावकाश कामाची अपेक्षा बाळगणे हा भाबडेपणा होय.

मोठे झाड घराजवळून काढणे ही कला आहे, केवळ ताकदीचे काम नव्हे. खोड ठोकून पोकळी अजमावणे, महावितरणकडून वीजपुरवठा बंद करून घेणे, फांदी कापण्यापूर्वी ती दोराने बांधणे, दोर वरच्या भक्कम बेचक्यातून घेऊन ती हळूहळू खाली सोडणे, असा तिचा क्रम आहे. भोवती मोकळी जागा असेल तरच झाड पाडायचे. तेव्हाही पडण्याच्या दिशेला खाच घेऊन मागून काप द्यायचा आणि मध्ये लाकडाची एक पट्टी बिजागरीप्रमाणे राखायची. ती पट्टी कापली गेली, की झाडाच्या दिशेवर माणसाचा ताबा उरत नाही. ब्रिटन-अमेरिकेत हा प्रशिक्षितांचा व्यवसाय आहे आणि तेथेही तो अत्यंत धोक्याच्या व्यवसायांत मोडतो. मुंबई-पुण्याच्या गृहनिर्माण संस्था ठेकेदाराला पैसे मोजून हे काम करून घेतात. डोंगरातल्या पाड्यावर क्रेन पोहोचत नाही. परंतु तेथील तरुण लहानपणापासून झाडावर चढलेले आहेत. निम्मे कसब त्यांच्याजवळ आहेच. उणीव आहे ती दोर, शिरस्त्राण, प्रशिक्षण आणि विमा यांची.

कायद्याची बाजू थोडी गुंतागुंतीची आहे. शहरांसाठीचा वृक्षसंरक्षण कायदा 1975 चा. मोलगीला लागू होतो तो 1964 चा वृक्षतोड नियमन कायदा. आंबा, मोह, चिंच, साग, जांभूळ ही झाडे त्याच्या अनुसूचीत असल्याने ती स्वतःच्या अंगणात असली तरी परवानगी लागते. आदिवासी खातेदाराने झाड विकायचे तर 1969 चा आणखी एक कायदा आहे. ठेकेदारांनी कवडीमोलाने लाकूड लुबाडू नये म्हणून विक्रीचा मार्ग जिल्हाधिकारी व वनखाते यांच्यामार्फत आखण्यात आला. हेतू स्तुत्यच होता. पण मजुरीपोटी लाकूड देणे हीसुद्धा अर्थशास्त्रीय दृष्टीने विक्रीच आहे. तिच्यात पैसा दिसत नाही, इतकेच. ज्या लुबाडणुकीला कायद्याने दार बंद केले, ती अशी खिडकीतून आत येते.

परवानगीची पद्धत असली म्हणजे भागते, असेही नाही. जुलै 2017 मध्ये मुंबईत चेंबूरला नारळाचे झाड अंगावर पडून एका महिलेचा मृत्यू झाला. ते झाड तोडण्यासाठी पूर्वीच अर्ज झाला होता आणि पालिकेने झाड सुस्थितीत असल्याचे ठरवले होते. झाड पारखणारी नजर महानगरातही दुर्मीळ असेल, तर तालुक्याच्या कचेरीत तिची अपेक्षा कोणाकडून करावी?

आमची सूचना मर्यादित आहे. लाकडाची किंमत आणि उतरवण्याची मजुरी यांची फारकत करावी. लाकूड मालकाचे राहावे, विकायचे तर कायद्याच्या मार्गाने. मजुरी मात्र रोख आणि ठरलेल्या दराने मिळावी. अक्कलकुवा तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो आणि अशा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना 2015 पासून आदिवासी उपयोजनेतील 5 टक्के निधी थेट देण्याचे राज्याचे धोरण आहे. चार-पाच तरुणांच्या एका तुकडीचे प्रशिक्षण, साहित्य आणि विमा यांना त्यातून वाट काढता येईल. नियम आड येत असेल तर तो नियम बदलावा. एका पंचायतीला हा भार पेलणार नाही असे म्हणावे, तर शेजारच्या पंचायतींनी मिळून एकच तुकडी ठेवावी. झाडे काही रोज पडत नाहीत.

1 मेच्या ग्रामसभेत धोक्याच्या झाडांची यादी वाचली गेली, तर परवानगीसाठी जूनपूर्वी एक महिना हाती राहतो. तोवर कैऱ्याही उतरवून झालेल्या असतात.