उबाडियुं आणि शेनिन ब्लां

सिल्वासा, खानवेल आणि दुधनीच्या हॉटेलवाल्यांकडे आमचा एक आग्रह आहे. यंदाच्या हिवाळ्यात मेनूवर उबाडियुं, म्हणजे मडक्यात भाजलेल्या पापडी-कंदांचा पदार्थ, ठेवा आणि त्याच्या शेजारी शेनिन ब्लां द्राक्षाच्या व्हाइट वाइनचा एक पेला सुचवा.

हे द्राक्ष मूळचे फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यातले. तूर शहराजवळच्या वूव्हरेच्या नावाला 1936 पासून कायद्याचे संरक्षण आहे आणि तिथली वाइन प्रामुख्याने याच द्राक्षाची. हंगाम जसा जाईल तशी ती कधी कोरडी, कधी किंचित गोड, कधी पूर्ण गोड निघते, फेसाळही करतात. पण गोडी कितीही चढली तरी आंबटपणा हटत नाही, आणि आपल्या जेवणाला गरज आहे ती याच गुणाची. तिकडचे लोक ती नदीतल्या माशाबरोबर, लोणी आणि व्हिनेगरच्या सॉससोबत घेतात, नाहीतर बकरीच्या दुधाच्या चीजबरोबर.

आपल्याला तितक्या लांब जायला नको. घाट चढला की नाशिक. तिथल्या सुला या वाइन कंपनीने 2000 साली वाइन बाजारात आणली तेव्हापासून शेनिन ब्लां तिथे रुळली आहे. ल्वारमध्ये तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, नाशिकला जानेवारी ते मार्च. ऊन वाढले की द्राक्षातले आम्ल झपाट्याने उतरते, म्हणून बागाईतदाराला तोडणीचा दिवस जपून ठरवावा लागतो. नाशिकच्या बऱ्याच शेनिनमध्ये थोडी गोडी राखलेली असते. जाणकार तिला नाक मुरडतात. आमच्या मते उबाडियुंसाठी हवी ती हीच.

कारण ताटात काय आहे ते पाहा. पापडी, कंद, रताळी, बटाटे; हिरवी मिरची, आले, लसूण, ओवा; कलारच्या पाल्याने तोंड बंद केलेले मडके आणि बाहेरून जाळ. रायगडची पोपटी याच कुळातली, तिथे पाला भांबुर्ड्याचा. रताळे आणि कंद मुळात गोड. त्यांच्यासमोर ठणठणीत कोरडी वाइन नुसती आंबट आणि पातळ लागते. हिरव्या चटणीचा तिखटपणा जास्त अल्कोहोलने भडकतो, किंचित गोडीने निवतो. शिवाय उबाडियुंबरोबर वलसाडकडे ताक देतात ते उगीच नाही. थंड, हलके आणि आंबट असे काहीतरी त्या धुरकट घासाला लागतेच. शेनिन तेच काम करते. जो पाहुणा मद्य घेत नाही त्याला ताकच द्या, आणि तितक्याच आदराने द्या.

दमणच्या ताज्या पापलेटला, साध्या तव्यावरच्या, कोरडी शेनिन चांगली. चिंच किंवा कोकम जास्त असेल तर आधी स्वतः चाखा: पदार्थ वाइनपेक्षा आंबट झाला की वाइन पचपचीत होते. सुकटीबरोबर कुठलीच वाइन देऊ नये. वाइनमधल्या लोहामुळे मासळीचा उग्रपणा तोंडात वाढतो, असे जपानी संशोधकांनी 2009 साली दाखवले आहे.

आता धंद्याचे. आपला पुष्कळसा पाहुणा वापी, वलसाड, सुरतेकडून येतो. गुजरातेत दारूबंदी आहे. उरलेली बाटली त्याला सीमेपलीकडे नेता येत नाही, नेऊही नये. मग दोघांसाठी 750 मिलीची बाटली तो कशाला मागवील? वाइन खपत नाही अशी तक्रार करण्याआधी ती पेल्यावर विकायला सुरुवात करा. 150 मिलीचा पेला धरला तर एका बाटलीत पाच बसतात. आणि गाडी कोण चालवणार, हे ऑर्डर घेतानाच विचारण्याची सवय वाढप्यांना लावा. चालकाला पेला नाही.

बारमागच्या फळीवर, दिव्यांच्या उजेडात मांडलेली व्हाइट वाइन आपल्या मे महिन्यात टिकत नाही. ती थंड आणि अंधारात ठेवा, 8 ते 10 अंशांवर वाढा. बर्फ पेल्यात टाकू नका, बाटलीभोवती ठेवा. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये दोन दिवस बरी राहते. तिच्यावर उघडल्याची तारीख लिहा, आणि तिसऱ्या दिवशी उरलेली वाइन पेल्यात न ओतता स्वयंपाकघरात द्या. लोण्यात आटवली की पापलेटसाठी सॉस होतो.